आत्याने जमवलेलं कॉलेज

मी मॅट्रिक पास झाले त्या सकाळी कल्याण यार्डातल्या सगळ्या इंजिनांनी एकदम शिट्या फुंकल्या. ती रोजच फुंकतात, असं बाबांचं म्हणणं. ते मालधक्क्यावर हेडक्लार्क होते, त्यांना इंजिनांचा स्वभाव ठाऊक. पण मी सांगते, त्या दिवशीची शिटी वेगळी होती. गणितात माझ्या पुढे आख्ख्या ठाणे जिल्ह्यात कोणी नव्हतं. आता जिल्ह्याचे मार्क मी काही तपासले नव्हते, हे खरं. पण तपासले असते तर कोणी सापडलं नसतं.

स्वातंत्र्य नुकतं मिळालं होतं, साखर रेशनवर होती, आणि कल्याणात कॉलेज नावाची वस्तू नव्हती. ठाण्यातही नव्हती. डोंबिवलीत तेव्हा भातखाचरं होती आणि बेडूक होते, आणि बेडकांना शिक्षणाची हौस नव्हती. कॉलेज म्हणजे विद्यापीठाचं, आणि विद्यापीठ आख्ख्या मुंबई इलाख्याला एकच. त्याची कॉलेजं मात्र कुठे कुठे पसरलेली! एक टोक अहमदाबादेला, दुसरं धारवाडला, मध्ये पुणं, सांगली, आणि मुंबईत तर बरीच.

बाबांना ही सगळी रचना तंतोतंत रेल्वेसारखी वाटे. हेडऑफिस मुंबईला, स्टेशनं सगळीकडे. त्यामुळे मी "मला सायन्सला जायचंय" म्हटल्याबरोबर त्यांना पहिली काळजी पडली ती बदलीची.

"अर्ज करशील मुंबईचा, आणि ऑर्डर हातात पडेल धारवाडची. मग?"

"बाबा, विद्यापीठ बदल्या करत नाही. ज्या कॉलेजात अर्ज करू तिथेच शिकायचं असतं."

"मलाही भरती करताना असंच सांगितलं होतं. पहिलं पोस्टिंग भुसावळ."

"आणि तिथे ही जन्मली," आई आतून म्हणाली, "म्हणून डोकं असं तापलेलं."

तरी मी अर्ज केला. मुंबईच्या एका कॉलेजातून बोलावणंही आलं: गुरुवारी सकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांना येऊन भेटा, सोबत पालक आणा. मी ते पत्र हातात घेऊन घरभर नाचत होते, तेवढ्यात आत्या आली आणि तिच्याबरोबर एक स्थळ आलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. राहायची ठाण्याला, पण तिचा पाय घरात कमी आणि लोकांच्या ओसरीवर जास्त. लग्न जमवणं हा तिचा धंदा नव्हता, व्यसन होतं. मुंब्र्यापासून बदलापूरपर्यंत कुठल्या घरी वरण पातळ असतं, कुठला मुलगा झोपेत बरळतो, कुठली सासू दिवाळीत रुसते, सगळं तिच्या डोक्यात. खाडीच्या वादावरून कोर्टात भांडणाऱ्या दोन घराण्यांना तिने व्याही करून सोडलं होतं आणि वकिलांना उपाशी मारलं होतं. तिने बोलणी लावली आणि लग्न मोडलं, असं कधी झालं नव्हतं. ती स्वतःच हे सांगायची, न विचारता.

"अरे, स्थळ ठाण्याचं आहे," ती पाटावर बसता बसता म्हणाली. "मुलगा बँकेत. विहिरीला बारमाही पाणी. सासू अर्धी बहिरी. याहून जास्त देव काय देणार? रविवारी मंडळी बघायला येतायत."

मी रडले नाही. मी ओरडले. आमच्या शेजारच्यांची गाय दोन दिवस दूध देईना, इतकी ओरडले. शेवटी बाबांनी हात वर केला आणि रेल्वेच्या न्यायाने निवाडा दिला.

"ज्याचा सिग्नल आधी पडेल ती गाडी आधी जाईल. रविवारच्या आत कॉलेजची जागा पक्की झाली, तर शीक. नाही झाली, आणि ठाणेकरांनी होकार दिला, तर लग्न. यावर अपील नाही."

आता अडचण अशी, की गुरुवारी बाबांना रजा नव्हती. आई घराचा उंबरा ओलांडून फार तर देवळापर्यंत जायची. एकटी मुलगी मुंबईला जाणं कल्याणात कोणाच्या स्वप्नातही येत नव्हतं. राहिली कोण? आत्या. जिने माझ्यासाठी स्थळ आणलेलं, तिनेच मला कॉलेजात न्यायचं! मी रात्रभर विचार केला असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे मला वरणाला फोडणी बसेपर्यंतच युक्ती सुचली.

"आत्या, पारनाक्यावरच्या काकू काहीतरी म्हणत होत्या."

पारनाक्यावरच्या काकू म्हणजे लग्नं जमवण्यात आत्याची एकुलती एक प्रतिस्पर्धी. आत्याचा विळीवरचा हात थांबला.

"काय म्हणत होती?"

"जाऊ दे गं."

"सांग म्हणते ना!"

"म्हणाल्या, तुझी आत्या मुलींना घरात घालू शकते. कॉलेजात घालणं तिच्या हातचं नाही. त्याला वजन लागतं."

काकू माझ्याशी त्या आठवड्यात फक्त कैरीच्या लोणच्याबद्दल बोलल्या होत्या. पण आत्याचे कान लाल झाले. तिने अर्धा चिरलेला भोपळा बाजूला सारला आणि मला समोर बसवलं.

"कॉलेज म्हणजे काय असतं गं शेवटी? स्थळच ना?"

"स्थळच," मी म्हटलं.

"मग सांग, कुठली कुठली आहेत."

मी एकेक सांगत गेले आणि ती एकेक उडवत गेली. अहमदाबाद? "वरणात गूळ. वाळून जाशील." धारवाड? "भाषा वेगळी. तुला शिव्या देतील आणि तुला कळणारही नाही." सांगली? "लांब. रुसून माहेरी यायचं म्हटलं तरी दोन दिवस." पुणं? इथे तिने जरा वेळ घेतला. "पुण्याचं स्थळ चांगलं असतं, पण त्यांना आपण चांगले वाटत नाही." राहता राहिलं मुंबईचं, ज्याचं बोलावणं माझ्या हातातच होतं. "हे बरं आहे. सकाळी गेलीस, संध्याकाळी घरी. घरजावयासारखं."

मग माझी तयारी सुरू झाली. आत्याला मुलाखतीचा एकच प्रकार माहीत होता. मान खाली, पदर दोन्ही खांद्यांवरून, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, विचारलं तरी हळू बोलायचं, आणि चुकलं की आत्या खोकणार. काळ्या तलावाच्या काठावर फेऱ्या मारून मी जी इंग्रजी वाक्यं घोकली होती, ती तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, "ही नंतर, पसंती झाल्यावर."

गुरुवारी आम्ही निघालो. आत्याच्या पिशवीत नारळ, विणलेला रुमाल, आणि मी केलेल्या करंज्यांचा डबा. "हाताला गुण आहे हे दाखवायला नको?"

कॉलेज समोर आलं. दगडी खांब इतके उंच, की वर बसलेली कबुतरं मुंग्यांएवढी दिसत होती. मी पायऱ्या चढायला लागले तशी आत्याने माझा हात धरून मागे खेचलं.

"पुढून नंतर. आधी मागून चल. तिथे कोणी नटून बसलेलं नसतं."

ही तिची पद्धत. कुठल्याही घरी ती आधी मागच्या दारी जायची, विहीर बघायची, भांडी घासणारीला बोलतं करायची, मग ओसरीवर येऊन बसायची. कॉलेजच्या मागे तिने पाण्याचे माठ उघडून पाहिले. मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का, ते लावून पाहिलं. एका शिपायाला गाठून विचारलं, "साहेब रागीट आहेत का?"

"फार," शिपाई म्हणाला. "पण मुली रडल्या की विरघळतात."

"आमची रडत नाही," आत्या म्हणाली. आणि तेवढ्यात ती थबकली. समोरच्या लांबलचक खोलीतून वास येत होता. आत्याने पदर नाकाला लावला. "अगं बाई! इथे अंडी शिजवतात! तीही नासकी!"

मी तिला कसंबसं ओढत साहेबांच्या खोलीपर्यंत आणलं. पण आत शिरल्यावर तिने नमस्कार केला, नारळ टेबलावर ठेवला, आणि पहिलाच प्रश्न तिनेच विचारला.

"साहेब, तुमच्यात अंडी चालतात?"

साहेब म्हणजे गोरेपान, चष्मा, कोट, टाय. त्यांनी एकदा नारळाकडे बघितलं, एकदा आत्याकडे, आणि मराठीतच म्हणाले, "तो प्रयोगशाळेतला वायू आहे, बाई. मुलं तयार करतात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"खात नाही ना कोणी?"

"अजून तरी नाही."

"मग हरकत नाही," आत्या म्हणाली आणि खुर्चीवर मांडी घालून बसली.

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "गणितात एवढे मार्क कसे मिळवलेत?"

"तिचे वडील रेल्वेत आहेत," आत्या म्हणाली. "घरात हिशेब पाण्यासारखा."

"मी मुलीला विचारतोय. तुम्हाला सायन्सच का घ्यायचंय?"

"शांत आहे, शिकेल काहीही," आत्या म्हणाली. "करंजी खाऊन बघा."

"बाई, मुलगी बोलते का?"

माझी मान खाली होती. आत्या खोकली. मी मान आणखी खाली घातली, आणि मग मला दिसलं की टेबलाखाली साहेबांचा एक पाय अधीरपणे हलतोय. हा माणूस आता उठणार. त्या पायाबरोबर माझी गाडी सुटणार आणि रविवारी ठाण्याची येणार. मी मान वर केली.

"सर, आमच्या घरी दूध का नासतं विचारलं, तर आई म्हणते, असंच असतं. आकाशात वीज आधी दिसते आणि आवाज मागून येतो, का विचारलं, तर आत्या म्हणते, असंच असतं. इंजिन वाफेवर कसं चालतं विचारलं, तर बाबा, जे रेल्वेत आहेत, तेही म्हणतात, असंच असतं. 'असंच असतं' म्हटलं की जिथे मार्क कापतात, अशा ठिकाणी मला जायचंय."

आत्या खोकायची विसरली. साहेब हसले, पण लगेच त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसणारा माणूस गोड बातमी देत नाही.

"मुलगी हुशार आहे. पण माझी अडचण सांगतो. गेल्या साली तीन मुलींना घेतलं. दिवाळीत एकीच्या लग्नाची पत्रिका आली, संक्रांतीला दुसरीची. तिसरी परीक्षेच्या आधी गेली. प्रयोगशाळेतल्या जागा मोजक्या. रिकाम्या राहिल्या की मुलगे येऊन माझ्यावर ओरडतात. त्यातून ही कल्याणहून येणार. बघतो. आम्ही कळवतो."

मी उठायला लागले. माझ्या शिक्षकांनी सांगितलं होतं, 'कळवतो' म्हणाले की 'थँक्यू सर' म्हणून निघायचं. पण आत्या हलली नाही. उलट तिने दुसरी मांडी घातली.

"साहेब, 'कळवतो' नको."

"म्हणजे?"

"आयुष्य या कामात गेलं माझं. 'कळवतो' म्हणून निघालेल्या माणसाने पुढे काही कळवल्याचं मी पाहिलेलं नाही. नकार असेल तर तोंडावर द्या. मुलीला ताटकळत ठेवायचं नाही. आमच्याकडे पुण्याच्या कॉलेजचंही आहे."

पुण्याचं काहीही नव्हतं. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"बाई, पुण्याचं कॉलेजही याच विद्यापीठाचं," साहेब म्हणाले.

"असू दे की. सख्खे भाऊ असले तरी स्थळं वेगळीच धरतात."

आता साहेब मोठ्याने हसले. बाहेरचा शिपाई दार लोटून आत डोकावला, कारण तसा आवाज त्या खोलीतून इमारत बांधल्यापासून आला नसावा. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "पण लग्नाचं काय? ती मध्येच सोडून जाणार नाही, याची हमी कोण देणार?"

"मी देते."

"तुम्ही कशी देणार?"

"साहेब, ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्यावाचून हिचं लग्न लावून देईल असा माणूस जन्माला यायचाय. ही शिकून बाहेर पडेपर्यंत मी हिचं लग्न होऊ देणार नाही. हा माझा शब्द. नारळावर हात ठेवून सांगते."

आणि तिने खरोखरच त्या टेबलावरच्या नारळावर हात ठेवला. साहेबांनी माझ्या अर्जावर सही केली, डबा उघडला, आणि एक करंजी उचलून तोंडात टाकली. माझा सिग्नल पडला होता! तो पडल्याचा आवाज मी अजून ऐकू शकते, खडाक्.

परतीच्या गाडीत मी उडत होते. आत्या मात्र पारसिकच्या बोगद्यापर्यंत गप्प. तिला इतका वेळ गप्प बसलेली पाहून मला वाटलं, गाडीचा ब्रेक निकामी झालाय. बोगदा संपून उजेड आला तशी ती म्हणाली, "रविवारी ठाण्याची मंडळी येणार आहेत."

"निरोप पाठवू या ना, येऊ नका म्हणून."

"मी स्वतः बोलावलेल्या पाहुण्यांना निरोपावर परत पाठवायचं? छे. येऊ देत. खायला घालू. आणि तोंडावर सांगू." मग हळूच म्हणाली, "आजवर एकही मोडलं नव्हतं गं माझं."

मला तिचा हात धरावासा वाटला. धरलाही.

रविवारी आईने आठवड्याची सगळी साखर शिऱ्यात घातली. मंडळी आली. मुलगा, त्याचे मिशाळ वडील, अर्धी बहिरी आई, आणि मुलाची बहीण, माझ्याच वयाची, भिंतीला टेकून बसलेली. बाबांना कॉलेजचं कळलं होतं. न्याय त्यांनी स्वतःच दिला होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. उलटं.

"मुलीला स्वयंपाक येतो का?" मिशाळ गृहस्थांनी विचारलं.

"सगळं येतं," आत्या म्हणाली. "पण आता चार वर्षं ती तुमच्याकडे येणार नाही, तुमच्या शेजारीही येणार नाही, कोणाकडेच येणार नाही. कॉलेजात घातलीय. मी शब्द देऊन आलेय."

मिशाळ गृहस्थांनी शिऱ्याचा घास ताटात परत ठेवला. "अहो, स्थळ तुम्हीच आणलंत ना?"

"मीच आणलं, मीच मोडते. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. रागावायचं तर माझ्यावर रागवा, शिरा मात्र संपवा. साखर रेशनची आहे."

"काय म्हणतायत?" बहिऱ्या बाईंनी विचारलं. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र इतकी सुटका दिसली, की मला जरा अपमानच वाटला. इतकी काही मी वाईट दिसत नव्हते!

आणि तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"आत्याबाई, त्या कॉलेजात अजून जागा आहे का?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मुलाची बहीण पुढे सरकली होती.

"मी पण मॅट्रिक झालेय यंदा. बाबांनी निकाल वाचला, छान म्हणाले, आणि पेपर घडी करून फळीवर ठेवला."

"गप्प बस," मिशाळ गृहस्थ म्हणाले.

पण आत्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी ओळखत होते. नवीन स्थळ दिसल्यावर चमकायचं तेच.

"विज्ञान की कला?"

"विज्ञान."

"मान वर करून बोलता येतं?"

"आत्ता बोलतेय ना."

आत्याने पदर खोचला आणि गृहस्थांकडे वळली. "भाऊसाहेब, स्थळ उत्तम आहे. मी स्वतः मागच्या दाराने बघून आलेय. पाणी स्वच्छ, खोलीला आतून कडी, साहेब शब्दाला जागणारे. थोडा वास येतो, तेवढं चालवून घ्या."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, कल्याणची मुलगी सायन्सला गेली आणि ठाण्याची घरी राहिली."

हे मात्र लागलं. ठाणेकराला काहीही सांगा, कल्याणच्या मागे राहिलात एवढं सांगू नका. गृहस्थांच्या मिशा ताठ झाल्या. "असं कसं होईल? जिल्ह्याचं ठिकाण ठाणं आहे!"

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी शिरा वाढला. बाबांनी वर्तमानपत्र सुलटं केलं.

दोनच दिवसांत आत्या आम्हा दोघींना घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. तिला पाहताच साहेबांनी आपणहून खुर्ची पुढे केली.

"आणखी एक?"

"आणखी एक. हिच्याही लग्नाचा शब्द माझाच."

आठवड्याभराने कॉलेजच्या व्हरांड्यात निवडलेल्या मुलांची नावं लागली. फळ्यापुढे मुलग्यांची ही गर्दी. आत्याने कोपर वापरून आम्हा दोघींना सगळ्यांत पुढे नेलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"कुठे आहे?"

"ही बघ. इथे माझं, आणि खाली हिचं."

"मोठ्याने वाच."

मी वाचलं.

"हे काय मोठ्याने झालं? कॉलेजात आलीस ना आता? पारनाक्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

ठाणेकरीण लाजत होती. मी तिचा हात घट्ट धरला, छाती भरून श्वास घेतला, आणि आमची दोघींची आख्खी नावं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट, अशी काही ओरडून वाचली, की खांबांवरची सगळी कबुतरं उडाली आणि प्रिन्सिपॉलसाहेब खोलीतून बाहेर आले. मुलगे दोन्ही बाजूंना सरकले. आम्हा तिघींना जायला वाट झाली, आणि आम्ही तिच्यामधून, सावकाश, पुढच्या दाराने आत गेलो.